लेदर मिटला आणि मी दोन महिने भलतीकडेच शोधत राहिले

माझा टोडस्टूल लेदर (अळंबीसारखं दिसणारं मऊ कोरल, म्हणजे प्रवाळ) हा माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला सगळ्यात जुना मेंबर, जेवायच्या ताटलीएवढा पसरलेला, वरती बोटभर लांबीचे पॉलिप्स (कोरलची फुलासारखी तोंडं) आणि फ्लो, म्हणजे पाण्याचा प्रवाह, बदलला की सगळे एका दिशेला झुकणार. तो एका सकाळी मिटलेला दिसला. वरचा भाग गुळगुळीत, थोडा चकचकीत, कडा आत वळलेल्या.

पहिला आठवडा मी अजिबात टेन्शन घेतलं नाही, कारण लेदर कात टाकतो हे माहीत होतं. अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा येतो, त्यात अडकलेलं शैवाल आणि कचरा घेऊन तो निघून जातो, काही दिवस लागतात, कधी दोन आठवडेसुद्धा. फ्लो चांगला मिळाला की पापुद्रा लवकर सुटतो म्हणून पॉवरहेड (टँकमधला प्रवाहाचा पंप) जरा त्याच्याकडे वळवला (सरळ अंगावर नाही हां, तसं केलं तर अजूनच रुसतो). काळा किंवा तपकिरी मऊ डाग, कुजका वास असलं काही असेल तर मात्र वाट बघायची नाही, तेवढा भाग कापून टाकायचा. माझ्याकडे तसं काहीच नव्हतं. पापुद्रा निघाला, खाली स्वच्छ नवीन कातडी दिसली, आणि पॉलिप्स? एकही नाही.

तोपर्यंत झोआ (छोट्या चकत्यांसारखी कोरलं) सुद्धा मिटायला लागले होते. नेहमी शर्टाच्या बटणासारखे सपाट उघडे असतात, ते मूठ आवळल्यासारखे बसलेले. झेनियाचं उघडझाप करणं मंदावलं होतं. एक कोरल रुसलं तर त्याचं काहीतरी, तीन रुसले तर पाण्याचं काहीतरी, एवढं डोकं चाललं.

मग काय, टेस्ट किट काढले. अल्कलिनिटी ८.३, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, टेंपरेचर २५.५, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. आणि मी बसले खुश होऊन की बघा काय स्वच्छ पाणी ठेवलंय! खरं म्हणजे चूक तिथेच समोर लिहिलेली होती, पण ती मला बक्षिसासारखी दिसत होती. टँकच्या मानाने दुप्पट मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), वर जीएफओचा (फॉस्फेट शोषणारे लोखंडाचे दाणे) रिअॅक्टर, फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), आणि मासे फक्त चार, तेही एक वेळ जेवणारे. म्हणजे मी कोरलना उपाशी ठेवत होते आणि रोज मोजून खात्री करून घेत होते की अजून उपाशीच आहेत ना.

सॉफ्ट कोरलच्या अंगात जे शैवाल राहतं ते प्रकाशावर साखर बनवतं हे बरोबर, पण त्या शैवालाला आणि कोरललासुद्धा नायट्रोजन आणि फॉस्फरस कुठून तरी मिळाला पाहिजे ना. बऱ्याच जातींना थोडं "मळलेलं" पाणी मानवतं. वरून दोन्ही आकडे शून्यावर राहिले की डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) यायची भीती, तो तपकिरी शेंबडासारखा थर, बुडबुडे अडकलेला, तो एकदा आला की कोरलचं राहू दे, माणूसच टँक विकायला काढतो. मी जीएफओ बंद केलं, स्किमर फक्त रात्री चालू ठेवला, माशांना दोन वेळ खायला द्यायला लागले. नायट्रेट हळूहळू ५, मग ८ वर आलं, फॉस्फेट ०.०६. साधारण तीन आठवड्यांत झोआ उघडले, आधी कडेचे, मग मधले. काच आता आठवड्याऐवजी दोन दिवसांनी पुसावी लागते, चालतंय.

मधल्या काळात मी एक मूर्खपणा केला तोही सांगते. कुणीतरी म्हणालं लेदरला आयोडीन लागतं, टाक थोडं, आणि मी टेस्ट न करता टाकलं. फरक शून्य, आणि नंतर काही बदललं की हे आयोडीनमुळे का आणखी कशामुळे हा गोंधळ फुकटचा. जे मोजता येत नाही ते टाकायचं नाही हे पुस्तकी वाक्य वाटतं पण हात शिवशिवतात तेव्हा पाळणं अवघड असतं. रिफ्रॅक्टोमीटरचंही (खारटपणा मोजायचं यंत्र) तसंच, मी तो नेहमी आरओच्या पाण्यावर शून्य करायचे, ठरावीक खारटपणाच्या (३५ पीपीटी) सोल्यूशनवर लावून बघितलं तर कळलं, टँकचं पाणी तो १.०२६ दाखवत होता तेव्हा ते खरं १.०२४ होतं. एवढ्याने लेदर मरत नाही, पण आठवडाभरात हळूहळू वर आणलं.

झोआ सुधारले, लेदर मात्र हट्टाला पेटल्यासारखा बंदच. मग डोक्यात आलं की लेदर लोक एकमेकांवर रसायनं सोडतात, सार्कोफायटन (म्हणजे माझा टोडस्टूल) आणि सिन्युलेरिया (दुसरा लेदर) टर्पीन नावाचे पदार्थ पाण्यात सोडून शेजाऱ्याला दाबतात, आणि माझ्याकडे हे दोघं हातभर अंतरावर. मी कित्येक महिने कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) वापरलाच नव्हता. एक पिशवी कार्बन टाकला आणि चौथ्या दिवशी लेदरच्या एका बाजूला बारीक बारीक पॉलिप्स! मी सगळ्यांना बोलावून दाखवले, घरात कुणालाच काही पडलेलं नव्हतं. दहा दिवसांनी परत मिटला. कार्बन बदलला, परत थोडा उघडला, परत मिटला. म्हणजे पाण्यात काहीतरी येतंय, कार्बन ते थोडं उचलतोय, आणि ते परत येतंय. टर्पीनच असेल असं धरून मी सिन्युलेरिया दुसऱ्या टोकाला हलवला. काही उपयोग नाही.

शेवटी उत्तर नवऱ्याने दिलं, ज्याला टँकमधलं फक्त "तो नारंगी मासा" एवढंच माहीत आहे. रविवारी समोर चहा पीत बसला होता, म्हणाला, "अगं, ते काचेला काय चिकटलंय, गंजलंय का ते?"

फ्रॅग रॅकचा (कोरलचे तुकडे ठेवायच्या फळीचा) चुंबक. मागच्या कोपऱ्यात, कोरलाइन शैवालाखाली झाकलेला, मी रोज त्याच्यावरून नजर फिरवत होते. बाहेर काढला तर प्लॅस्टिकच्या कडेला केसाएवढी चीर, आतला भाग फुगून चीर रुंदावलेली, आणि बोटाने दाबलं की तपकिरी पाणी ओघळतंय. असल्या निओडिमियम चुंबकांवर निकेल आणि तांब्याचा मुलामा असतो, आत मीठपाणी शिरलं की सगळं विरघळत बाहेर. मासे हे बरंच सोसतात, कोरल नाही सोसत, आणि आपल्या नेहमीच्या किटमध्ये यातलं काहीच दिसत नाही. नायट्रेट-फॉस्फेट सुधारल्यावर माझे सगळे आकडे छान येत होते ते यामुळेच, मी जे मोजत होते त्यात उरलेला बिघाड नव्हताच.

चुंबक फेकला, बाकीचे सगळे काढून एकेक नखाने चाचपून पाहिले, पॉवरहेडचा सुद्धा. धातू ओढणारं पॅड आणि नवा कार्बन टाकला, दर चार दिवसांनी पंधरा टक्के पाणी बदललं, एकदम अर्धं बदलायचा मोह आवरून. अकराव्या दिवशी सकाळी लाइट लागायच्या आधीच लेदर अर्धा उघडलेला होता. आता पूर्ण उघडतो, फक्त क्लाउनफिश त्याच्यात लोळायला लागला आहे त्यामुळे एक बाजू दुपारी चिडून मिटते, ते ठीक आहे, ते त्यांचं आपसातलं.

झेनिया मात्र मेन रॉकवरून पूर्ण वितळून गेली. परवा ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर पडायच्या कप्प्याच्या) मागे काच पुसताना तिचे दोन खोड दिसले, नखाएवढे, उघडझाप चालू. सहा महिन्यांत ती सगळीकडे पसरेल आणि मग मी वैतागून तिलाच उपटत बसेन, पण सध्या रोज टॉर्च लावून बघून येते.