तसं काही म्हणायचं नव्हतं

ऑफिसात शेजारी बसणारा सहकारी परवा माझ्याआधी आलेला दिसला. मी म्हटलं, "अरे वा, आज लवकर!" मनात दुसरं काहीही नव्हतं. त्याने बॅगेची चेन सावकाश लावली आणि विचारलं, "म्हणजे रोज उशिरा येतो का मी?"

"छे, रोजही वेळेवरच येतोस की!"

"मग आज मुद्दाम कशाला बोललास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो मला अहोजाहो करत होता.

खुलासा करायला जावं तर पाय आणखी रुततो. आमच्या घरात 'बरं आहे' ही मोठी दाद. वडील त्याच्या पुढे कधी गेले नाहीत. मैत्रिणीने नवा चष्मा लावून "कसा दिसतो?" विचारलं, तेव्हा मी मनापासून म्हणालो, "बरा दिसतो." तिने तो काढला, घडी घातली, डबीत ठेवला आणि पर्समधून जुना काढून लावला. नंतर मी 'छान'पासून 'झकास'पर्यंत सगळी चढण चढलो, पण डबी काही उघडली नाही.

पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत या भानगडीची उकल केली होती. समोरचा जे बोलतो ते काहीतरी कारण असल्याशिवाय बोलत नाही, असं आपण धरून चालतो आणि ते कारण शोधू लागतो. त्याचं उदाहरण मोठं मासलेवाईक आहे. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल शिक्षक एवढंच कळवतात, की याचं इंग्रजी उत्तम आहे आणि हजेरी नियमित असते. एकही शब्द वावगा नाही, तरी वाचणाऱ्याला काय ते कळतं. म्हणजे माझ्या सहकाऱ्याचं तसं चुकलं नव्हतंच. आणि 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण ज्या भाषेत आहे, तिथे हे बोलणं फक्त लेकीसाठीच होतं यावर सुनेने का विश्वास ठेवावा?

त्यात "माझं आपलं स्पष्ट असतं हं" म्हणणाऱ्यांनी घोळ वाढवून ठेवलाय. हे वाक्य कानावर पडलं की पुढे कुणाचा तरी अपमान येणार हे नक्की. फटकळपणा ते करतात आणि ऐकणारे सावध होतात ते माझ्यासारख्यांपासून.

काल रात्री मी वाचत बसलो होतो. बायको दारातून म्हणाली, "आतला पंखा चालू आहे." मी पुस्तक पालथं घातलं, उठलो, पंखा बंद केला. परत येताना मीच विसरलो असेन तर विसरलो, एवढं टोचून बोलायची काय गरज, असंही पुटपुटलो.

"बंद का केलास?" ती म्हणाली. "आत जाऊन बस, तिथे वारा आहे, एवढंच सांगत होते."