एकच सामान, दोन राज्यं: पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोच्या हरण हंगामाची तयारी, आतापर्यंतची नोंद

एक कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य), एक रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, चाकांविना धनुष्य) आणि एक क्रॉसबो (बंदुकीसारखं धरून चाप ओढून सोडायचं आडवं धनुष्य). तिन्ही दोन्ही राज्यांत कायद्यात बसली पाहिजेत, एवढंच काम हाती घेतलंय. अमेरिकेतली ही राज्यं शेजारची असली तरी आकडे वेगळे आहेत. इकडे चालणारा बाण तिकडे गुन्हा ठरू शकतो.

ड्रॉ वेट: कंपाउंड झालं, रिकर्व्ह अडलंय

ड्रॉ वेट म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर. पेनसिल्व्हेनियात हाताने ताणायच्या धनुष्याला किमान ३५ पौंड आणि क्रॉसबोला किमान १२५ पौंड लागतात. ओहायोत हेच आकडे ४० आणि ७५ आहेत. म्हणजे धनुष्याला ओहायो कडक आणि क्रॉसबोला पेनसिल्व्हेनिया. दोन्हीकडे जायचं तर ४० आणि १२५ हेच धरायचे.

कंपाउंड सोपं. बो-स्केलचा (ताण मोजायच्या काट्याचा) हुक दोरीला नॉकिंग पॉइंटपाशी, म्हणजे बाण बसतो तिथे, अडकवायचा, सावकाश ओढायचं आणि सर्वांत मोठा आकडा टिपायचा. कॅम (टोकाचं चाक) उलटल्यावर काटा एकदम खाली येतो. ते धरून ठेवायचं वजन, त्याचा किमान मर्यादेशी संबंध नाही. तीनदा ओढून पाहावं. आकडा प्रत्येक वेळी वेगळा आला तर ओढण्यात झटका बसतोय असं समजावं. वजन कमी-जास्त करताना वरचा आणि खालचा लिंब बोल्ट (लिंब म्हणजे धनुष्याचं वाकणारं पातं) सारखाच फिरवायचा. एका फेऱ्यात साधारण दोन-तीन पौंड फरक पडतो. कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे बोल्ट सैल केला तर लिंब त्याच्या खोबणीतून निसटू शकतो. फिरवून झाल्यावर कॅमचं टायमिंग (दोन्ही एकदमच फिरतात का) पुन्हा पाहायचं.

रिकर्व्हची गोष्ट निराळी. लिंबवर छापलेला आकडा २८ इंच ड्रॉचा, म्हणजे दोरी तेवढी ओढल्यावरचा असतो. हात आखूड असेल आणि ताण २६ इंचांवरच थांबत असेल, तर दर इंचाला दोन-अडीच पौंड कमी होतात. ४२ छापलेले लिंब हातात ३७-३८ भरतात. पेनसिल्व्हेनियात पास, ओहायोत नापास. छापील आकडा दाखवून वाद घालण्यापेक्षा आपल्या ड्रॉवर काटा लावून ४०च्या वर राहिलेलं बरं. आयएलएफ रायझर (लिंब बदलता येणारा मधला दांडा) असेल तर बोल्ट आवळून एक-दोन पौंड मिळतात, पण टिलर (दोन्ही लिंबांच्या ताणाचा तोल) बिघडतो आणि नॉकिंग पॉइंट नव्याने लावावा लागतो. इथे ते पुरणारं नाही. ४५-४८ चे लिंबच लागतील.

क्रॉसबोच्या बाबतीत एक साधी अडचण काट्याचीच. सामान तोलायचे हातकाटे बहुधा ५० किलोपर्यंतच, म्हणजे ११० पौंडांपर्यंत मोजतात. त्यांच्यावर ओहायोचा ७५ दिसेल, १२५ दिसणारच नाही, उलट काटा तुटून दोरी सुटायची. १५० पौंडांच्या वरची क्रॉसबो घरी तोलायच्या भानगडीत पडू नये. कंपनीने लावलेली आकड्याची पट्टी पुरते. जुनी, ९०-१०० पौंडी क्रॉसबो मात्र पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीत नेऊ नये.

ब्रॉडहेड: अर्धी पिशवी बाद

ब्रॉडहेड म्हणजे बाणाचं धारदार पात्यांचं टोक. ओहायोला किमान पाऊण इंच रुंदी आणि निदान दोन धारा पुरतात. पेनसिल्व्हेनियाला ७/८ इंच रुंदी हवी आणि पोलादी धारा दोनपेक्षा कमी नकोत. मिलिमीटरमध्ये १९ आणि २२.२. फरक तीन मिलिमीटरचा, तो डोळ्यांना दिसत नाही, व्हर्नियर कॅलिपर लागतो. स्थिर पात्यांचं ब्रॉडहेड धार लावून लावून झिजतं. नवं असताना २२.५ भरलेलं टोक दोन हंगामांनी २२च्या खाली जातं. म्हणून एक इंचाची, म्हणजे २५.४ मिलिमीटरची टोकंच ठेवली आणि बाकीची सरावाच्या डब्यात गेली. उघडणाऱ्या पात्यांचं टोक पूर्ण उघडून मोजायचं. विषारी किंवा स्फोटक टोकं बाद, हे सांगायलाच नको.

बाण आणि विजेची उपकरणं

चमकणारे नॉक (बाणाच्या मागच्या टोकाला दोरीसाठी बसवतात ते) पेनसिल्व्हेनियात चालतात, पण बाणात बसवलेला माग काढणारा ट्रान्समीटर चालत नाही. अंतरमापक चालतो, मात्र लक्ष्यावर दिसणारा लेझरचा ठिपका पाडणारं काहीही नको. क्रॉसबोला दिवे असलेले नॉक बसवताना कंपनीने सांगितलेलाच आकार घ्यावा: सपाट, अर्धचंद्र की कॅप्चर. चुकीच्या नॉकवरून दोरी घसरली की बाण जागेवरच राहतो, क्रॉसबो कोरडी सुटते आणि लिंब तडकतात. हा कायद्याचा मुद्दा नाही, पण कायदा पाळायच्या नादात नॉक बदलणारे नेमके इथे फसतात.

क्रॉसबो ताणायची वेगळी दोरी भार साधारण निम्म्यावर आणते. त्याहून मोठा फायदा म्हणजे धनुष्याची दोरी मधोमध येते. रेलच्या (बाण ठेवतात त्या पट्टीच्या) दोन्ही बाजूंना धनुष्याच्या दोरीवर मार्करची खूण करून ठेवायची. खुणा सारख्या नसतील तर बाण एका बाजूला जातो, आणि ते दुर्बिणीने सुधारत बसण्यात अर्थ नाही.

गाडीत ठेवताना बाण काढलेला आणि क्रॉसबो उतरवलेली (ताण काढलेली) हवी. ‘भरलेली’ म्हणजे नुसती ताणलेली की बाण बसवलेली, हे राज्याराज्यांत बदलतं. उतरवण्यासाठी बोथट टोकाचा जड बाण सोबत ठेवावा आणि तो लक्ष्यावर किंवा मऊ जमिनीत सोडावा.

जागा, कपडे, कागद

पेनसिल्व्हेनियात वस्ती असलेल्या घरापासून धनुष्य-क्रॉसबोला ५० यार्ड, बंदुकीला १५० यार्ड. शाळा आणि खेळाच्या मैदानांपाशी मात्र बाणालाही १५०च. पेनसिल्व्हेनियात साध्या परवान्यावर वेगळा आर्चरी (धनुर्विद्येचा) परवाना घ्यावा लागतो. ओहायोत तसा परवाना नाही, पण हरणाचं परमिट लागतं. बंदुकीच्या हंगामात बाणाने शिकार केली तरी नारिंगी रंग चुकत नाही. पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच हवेत, म्हणजे नुसत्या टोपीवर भागत नाही. ओहायोत बंडी, जॅकेट किंवा अंगभर कपडा. शिकारीची नोंद ओहायोत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत, पेनसिल्व्हेनियात दहा दिवसांत.

आणखी पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी: पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये आणि विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये क्रॉसबोला मोकळी वाट दिली म्हणून सगळीकडे तसंच असेल असं नाही. कोलोरॅडोत अपंगांना मिळणारी खास परवानगी सोडली तर आर्चरी हंगामात क्रॉसबो चालत नाही, ती बंदुकीच्या हंगामात. ओरेगॉनमध्ये ती शिकारीला मुळीच नाही. वॉशिंग्टन बाणाचं वजनही मोजतं, ड्रॉच्या दर पौंडाला ६ ग्रेन (बाण तोलायचं छोटं माप) आणि कमीत कमी ३०० ग्रेन. ६० पौंडी कंपाउंडला ३६० ग्रेनचा बाण लागला, म्हणजे वेगासाठी हलके केलेले बाण तिथे बाद.

शिल्लक कामं: रिकर्व्हचे नवे लिंब बसवून २६ इंचांवर पुन्हा तोलणं, एक इंची ब्रॉडहेड लावून क्रॉसबो २०, ३० आणि ४० यार्डांवर नव्याने जुळवणं (सरावाच्या टोकांवरची जुळवणी धरून चालत नाही), आणि नव्या वर्षाच्या नियमपुस्तिका आल्या की वरचा प्रत्येक आकडा त्यांच्याशी पडताळणं. पेनसिल्व्हेनियाचं परवाना वर्ष १ जुलैला सुरू होतं.