फिदेओला मी फोडणी का देत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मेक्सिकोतल्या पुएब्लात आमच्याकडे जेवायला आलेलं मराठी माणूस फिदेओ सेकोचा, म्हणजे इथल्या कोरड्या शेवयांचा, पहिला घास घेतं आणि म्हणतं, "अगं, हा तर शेवयांचा उपमा! मग मोहरी-कढीपत्त्याची फोडणी का नाही दिलीस?" चाकणला माझ्याबरोबर काम केलेल्या मैत्रिणी हेच विचारतात, साताऱ्याहून मावशी हेच विचारते. आजवर मी "इथे तशी पद्धत नाही" एवढंच म्हणत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

आधी स्वयंपाकाचं बोलू. हा उपमा नाही. उपम्याला आपण शेवया कोरड्या किंवा चमचाभर तुपावर भाजतो, फोडणीत पाणी उकळतो आणि त्यात त्या सोडतो. इथे २०० ग्रॅमच्या पुड्याला तीन-चार मोठे चमचे तेल लागतं आणि शेवया त्यात तळल्याच जातात, चांगल्या तांबूस होईपर्यंत. क्षणभर नजर हलली तर करपतात आणि सगळं कडू होतं. मग टोमॅटो, कांदा, लसूण आणि चिपोत्ले, म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची, एकत्र वाटून, गाळून त्या गरम शेवयांवर ओतायचं. हे वाटण तेलात शिजून गडद झालं की कोंबडीचं सूप घालायचं, आच बारीक करायची, झाकण ठेवायचं आणि हात लावायचा नाही. ढवळलं की शेवया मोडतात. ओल पूर्ण आटून कडेला तेल दिसलं की उतरवायचं, आणि झाकण तसंच ठेवून थोडा वेळ मुरू द्यायचं. पुएब्ला २,१०० मीटरहून उंच आहे, पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून इथे घाई करून काही शिजत नाही. वर घट्टसर क्रीम, चुरलेलं चीज, आवोकादोच्या फोडी.

आणि हा नाश्ता नव्हे. दुपारी दोन-तीनच्या जेवणात आधी पातळ सूप येतं, मग हा कोरडा प्रकार, त्यानंतर मुख्य पदार्थ. भात वाढतात त्या जागी हा येतो. गहू इथे स्पॅनिश लोकांनी आणला, शेवयाही त्यांच्याच. टोमॅटो आणि मिरची मात्र इथल्या मातीतली. आपल्याकडची मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्या जहाजांतून याच खंडातून आली. तेव्हा "हे आपलंच आहे" म्हणताना जरा थांबावं, असं मला वाटतं.

पण तुम्ही म्हणाल, पद्धत वेगळी असली म्हणून मोहरी घालायला कोण अडवतं? कोणीच नाही. पुएब्लात आले तेव्हा मी स्वतः घालत होते. साताऱ्याहून आणलेली मोहरी, हिंग, वरून ओलं खोबरं. नवरा आवडीने खायचा. तेव्हाची मी आज समोर बसले, तर मला विचारेन की एवढं काय बिघडलं होतं? काही बिघडलं नव्हतं. चवीला चांगलं लागायचं, आजही लागेल.

आप्पा गेले त्या दिवसापासून ते थांबलं.

फोन इथल्या रात्री आला, तिकडे सकाळ होती. विमानं बदलत साताऱ्याला पोचायला दीड दिवस लागतो. कोणी काही म्हणायच्या आत मीच सांगितलं, थांबू नका. चुलतभावाने फोन चालू ठेवला होता. अंगण दिसलं, शेजारपाजारचे दिसले, आप्पांचे पाय दिसले. मग आईच म्हणाली की आता बंद कर. नवऱ्याला सगळं कळत होतं, पण काय करायचं ते कळत नव्हतं. आमच्याकडे त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. भावकीतलं कोणीतरी कडू घास घेऊन येतं, पिठलं-भाकरी असं काही. सुतक फिटेपर्यंत फोडणी नाही, तळण नाही, गोड नाही. हे त्याला कोण सांगणार?

दुपारी सासूबाई आल्या. हातात त्यांची कासुएला, म्हणजे मातीचं पसरट भांडं, शेवयांचा पुडा, पिशवीत टोमॅटो. मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. तेल तापलं, शेवया पडल्या. तो वास घरभर पसरला आणि माझ्या अंगातून राग उठला. आज तळताहेत! माझ्या बापाला जाऊन दिवस झाला नाही आणि माझ्या घरात तेल कडकडतंय. मी नवऱ्याला म्हटलं, "आमच्यात आज तळत नाहीत. त्यांना सांग." तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, तिथे उभा राहिला, परत आला. आईला तसं सांगणं त्याला जमेना. आणि खरं सांगते, त्याने सांगितलं असतं तर मला तेही सोसलं नसतं.

सासूबाईंनी बशी माझ्या मांडीवर ठेवली. वर क्रीम नव्हतं, चीज नव्हतं, काही नव्हतं. विसरल्या की मुद्दाम घातलं नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. मी बशी पूर्ण खाल्ली. आणखी मागून घेतलं. आदल्या रात्रीपासून पोटात पाणीसुद्धा नव्हतं.

लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"काय खाल्लंस गं?"

"शेवया."

"गोड?"

"नाही, तिखट."

"फोडणी होती?"

"नव्हती."

"मग चालतंय. खात जा."

कांदा-लसणाचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तळणाचंही नाही. मावशीला हे कळलं तर ती म्हणेल, मग पाळलं काय? तिचं चूक नाही. पण नवरा गेलेल्या बाईने तशा अवस्थेत परदेशातल्या मुलीच्या पोटाची सोय लावली, आणि त्यासाठी एकच अट विचारली. ती अट मी पाळते. सुतक कधीच फिटलं, हे मलाही कळतं. वर्षानुवर्षं पाळायला हा काही नेम नव्हे, असं नवरा म्हणतो. आईला तर आपण काय बोललो ते आठवतसुद्धा नाही. गेल्या खेपेला ती म्हणाली, "अगं, घाल की मोहरी, कोण नको म्हणतंय?" माझ्याजवळ तिला द्यायला उत्तर नव्हतं. हात मोहरीच्या डब्याकडे जात नाही, एवढंच मला सांगता येतं.

माझी मुलगी इथेच वाढली. तिला फिदेओवर फोडणी हवी असते. ती छोट्या कढल्यात तेल तापवते, मोहरी तडतडवते आणि आपल्या बशीत ओतून घेते. मी अडवत नाही. कासुएलात मात्र ओतू देत नाही. "एकाच भांड्यातलं आहे ना सगळं, मग काय फरक पडतो?" म्हणून ती दर वेळी वाद घालते, आणि मी दर वेळी झाकण धरून उभी राहते.