खांडस ते भीमाशंकर, एकटीनं

कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला पोचले. मधला वार होता, त्यामुळे वाटेवर ट्रेकर नव्हते, आणि मला तेच हवं होतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे जी झुंबड उडते, त्यात दारू पिऊन स्पीकर लावणारे घोळके असतात. त्या गर्दीत मला कधीच सुरक्षित वाटलेलं नाही.

गावापुढे पूल लागतो. डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. शिड्यांची वाट जवळची, पण कातळावर लोखंडी शिड्या चढताना सोबतीला कुणीतरी असावं, म्हणून मी लांबचा गणेश घाट धरला.

पुलाच्या कठड्यावर चार-पाच पोरं बसली होती, मोटारसायकली बाजूला लावून.

"मॅडम, एकट्याच?"

"नाही, मागून आमची मंडळी येतायत," मी न थांबता म्हटलं. हे खोटं मी बिनदिक्कत बोलते आणि एकट्या निघालेल्या प्रत्येक बाईनं बोलावं असं मला मनापासून वाटतं. ती पोरं वाईट होती असं नाही. पण त्यांना कुठे जायचं नव्हतं, हाताला काही काम नव्हतं. अशा माणसांना आपला बेत सांगायचा नाही, हे मी ठरवून टाकलंय.

गणपतीचं देऊळ मागे पडलं आणि रान दाट झालं. एका वळणापलीकडून कोयत्याचे घाव ऐकू येत होते, ते अचानक थांबले. छातीत धस्स झालं. थोड्या वेळानं एक म्हातारबाबा समोर आले. डोक्यावर कुडाच्या भिंतीसाठी तोडलेल्या कारवीच्या काठ्यांचा भारा, कमरेला मागे लाकडी आकड्यात अडकवलेला कोयता. मला पाहून ते लांबच थांबले, खाकरले आणि डोक्यावरच्या भाऱ्यासकट दरीच्या बाजूला सरकले. पायवाट जेमतेम दोन पावलं रुंद. डोंगराकडची बाजू त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

"बाय, एकलीच? देवाला चाललीस?"

या वेळी मी खरं ते सांगितलं. एकटीच आहे, जेवण पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, संध्याकाळच्या आत वर.

"मग पदरावर पाणी भरून घे. वरच्या रानात उशीर करू नको."

प्रश्न दोघांनी एकच विचारला होता. पण बाबा रोज त्या वाटेनं जातात. कोण वर गेलं, कोण अजून उतरलं नाही, हे अशा माणसांच्या लक्षात राहतं. डोंगरात कुणी हरवलं तर शोधपथकं आधी वाडीवर विचारपूस करतात, ती उगीच नाही. म्हणून भारा वाहणाऱ्या, गुरं वळणाऱ्या, पाण्याला निघालेल्या माणसांपाशी मी थांबते, कुठून आले, कुठे चालले ते सांगते. ११२ नंबर पाठ असतोच, पण घाटात रेंजचा भरवसा नाही.

पदरवाडीच्या माथ्यावर पदरगडाचे सुळके दिसायला लागतात. दोन्ही घाटांच्या वाटा याच पदरावर एकत्र येतात. टपरीतल्या मावशींनी चहा टाकला. माझा डबा उघडलेला पाहून न विचारताच ठेचा वाढला. चुलीच्या धुरानं काळ्या पडलेल्या कुडावर त्यांच्या मुलीनं खडूनं पाढे लिहिले होते, सातापर्यंतचे. "घरी कोण कोण?" पासून "भीती नाही वाटत?" पर्यंत सगळं विचारून झालं. मीही विचारलं. पाणी आणायला त्या रोज त्याच रानातून एकट्या जातात.

वरचा टप्पा अभयारण्यातला. १९८५ साली हे रान राखीव झालं. बिबट्या इथे आहे, पण दिसला तो शेकरू, जांभळाच्या फांदीवरून झेपावत गेलेला, तांबूस झुपकेदार शेपटी मागे पसरून.

ऊन कलायच्या आत वर पोचले. देवळाकडच्या पहिल्याच दुकानात काका म्हणाले, "खांडसच्या वाटेनं येणाऱ्या ताई तुम्हीच ना? पदरवाडीवरून फोन होता."

मी त्यांनाच परत फोन लावायला सांगितला. मावशींना म्हटलं, पोचले.