तुम्ही विचारलेत म्हणून: मुलांच्या हातांना काय द्यावे?

परळच्या एका चाळीतल्या बालवाडीत मी बरीच वर्षे शिकवले, त्यामुळे पालक भेटले की एक प्रश्न हमखास येतो: "बाई, लहान मुलांना घेऊन घरी सोपे असे काय करता येईल? आम्हाला कलाकुसर येत नाही आणि एवढ्याशा खोलीत पसारा परवडत नाही." माझे उत्तर असे की, ज्यात मोठ्यांचा हात सुबक असण्याची गरजच नाही आणि मुख्य काम मुलाच्याच हातून होते, अशी वस्तू निवडावी. आईने कापून-चिकटवून पुरा केलेल्या कंदिलावर मुलाने शेवटी एक टिकली लावली, तर तो कंदील आईचाच असतो.

माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे हळदीचा कागद. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून जाड पांढऱ्या कागदावर फासावी आणि कागद पंख्याखाली वाळू द्यावा. मग वाटीत कपडे धुण्याच्या साबणाचे दाट पाणी करून, कापूस गुंडाळलेली काडी त्यात बुडवून मुलाच्या हाती द्यावी. काडी टेकते तिथे पिवळ्याचा तांबडा होतो. माझ्या वर्गातल्या चार वर्षांच्या एका मुलीने पहिली रेघ ओढली, काडी उलटी धरून तिचे टोक निरखले, वाटीत डोकावून पाहिले आणि लाल रंग कुठेच न सापडल्यावर पुन्हा रेघ ओढली. तो सबंध तास ती जागची उठली नाही. हळदीतला रंग साबण किंवा चुना यांसारख्या आम्लारी (अल्कली) पदार्थाने लाल होतो. सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो तो याच कारणाने, आणि हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही याच गुणावर. चुना मात्र मुलांच्या हाती कधीही देऊ नये, कारण त्याने डोळ्यांना गंभीर इजा होते. हे चित्र उन्हात फिके पडते, तेव्हा ते वहीत जपावे.

भेंडीचे ठसे तुम्हाला ठाऊक असतीलच. भाजीतून बाजूला काढलेली जून भेंडी त्यासाठी उत्तम, कारण ती दाबल्यावर चुरगळत नाही आणि पाच पाकळ्यांचे फूल स्वच्छ उमटते.

मिठाच्या पिठाबद्दल थोडे सविस्तर सांगते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि पोळीच्या कणकेइतका घट्ट गोळा होईल एवढे पाणी, इतकेच त्याला लागते. परंतु मुंबईत ते पावसाळ्यात करू नये. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. एका जुलैत आम्ही भातुकलीची भांडी केली, ती पंधरा दिवसांनीही चिकटच होती, आणि एका मुलाने आपली कढई उचलली तेव्हा तिचा कान तेवढा हातात आला. तो फार रडला. चूक माझी होती. हे काम दिवाळीनंतर काढावे.

साहित्य विकत आणावे लागते, हा समज बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केव्हाच खोटा ठरवला आहे. १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केल्यावर त्यांनी शिंपले, खडे, बिया आणि पाने यांतूनच शिक्षणाची साधने घडवली. तीन वर्षांखालच्या मुलांपासून मात्र बिया आणि मणी दूर ठेवावेत, कारण ते नाकात किंवा घशात अडकतात.

पावसाळ्यासाठी पिंपळाचे पान घेऊन त्याच्या शिरांची जाळी करावी. ते तीन-चार आठवडे पाण्यात भिजत ठेवावे, पाणी अधूनमधून बदलावे आणि भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे, कारण साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. गर कुजला की पान ताटलीत पसरावे आणि मुलाला जुना मऊ टूथब्रश देऊन, नळाच्या बारीक धारेखाली हलकेच घासू द्यावे. पहिली दोन-तीन पाने फाटतील, म्हणून सुरुवातीलाच दहा-बारा भिजत घालावीत.