पेलेट हलकं की जड?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. रत्नागिरीला आमच्या रेंजवर मुलांना सोडायला येणारे पालक हमखास विचारतात, दहा मीटर एअर रायफलसाठी पेलेट, म्हणजे तिची शिशाची छोटी गोळी, हलकं घ्यायचं की जड? पुण्याच्या कुणीतरी अमुक वजनाचं सांगितलेलं असतं आणि डब्या स्वस्त नसतात.

मी वजन सांगत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींच्या नळ्यांनासुद्धा वेगवेगळं पेलेट मानवतं.

वजनाने काय बदलतं, ते हिशेबाने बघा. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल. तेवढ्यात ०.५३ ग्रॅमचं पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातं, ०.४५ ग्रॅमचं १८५च्या. दहा मीटरवर जड पेलेट सुमारे अडीच मिलिमीटर जास्त खाली येतं, म्हणजे टार्गेटवरची जवळजवळ एक रिंग, एका गुणाचं वर्तुळ. पालक याच फरकाला घाबरतात, पण तो साइटचा, म्हणजे नेम धरायच्या भागाचा, स्क्रू काही क्लिक फिरवला की निघतो. ग्रुप म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका. तो विखुरलेला असेल तर मात्र कुठल्याच क्लिकने जवळ येत नाही. गुण दशांशात मोजतात, १०.० ते १०.९ मधला प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरचा असतो आणि पात्रता फेरीत असे ६० शॉट मारायचे असतात. म्हणून बघायचा तो ग्रुप.

त्यासाठी रायफल शिकंज्यात घट्ट बसवा, म्हणजे हाताचा थरकाप मध्ये येत नाही. पेलेट बदललं की पहिले काही शॉट मोजू नका, नळीला नव्या पेलेटची सवय होऊ द्या. मग दहाचा ग्रुप. पाचांचा ग्रुप नशिबानेही छान येतो, त्यावर डब्या घेऊ नयेत. पेलेट दुसऱ्याने हातात द्यावं, कुठलं ते न सांगता. महाग डबीकडे मन आधीच झुकलेलं असतं. वजन ठरलं की त्याच वजनात हेड साइज, म्हणजे पेलेटच्या डोक्याचा व्यास बघा, ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर. दोन्ही एकदम बदललंत तर काहीच कळणार नाही.

आणि हे जूनच्या आत उरका. पावसाळ्यात आपल्याकडे टार्गेटचा कागद सर्द होतो, भोकाची कड फाटते, ग्रुप मोजायचा व्हर्नियर कुठे टेकवायचा तेच कळत नाही. उघड्या डबीतल्या शिशावर पांढरी भुकटी धरते. तसं पेलेट चाचणीत घेऊच नका. डब्या सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा.

मुलगा किंवा मुलगी अजून आठ-नऊच्या रिंगमध्ये फिरत असेल, तर मात्र यातलं काहीच करू नका. त्या टप्प्यावर हाताचा हलकावा पेलेटच्या फरकाहून कितीतरी मोठा असतो. एक बरं पेलेट धरा, पैसे सरावाला लावा.

चाचणीत जे जिंकेल, त्याच्या एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या, डब्या हंगामभराच्या घेऊन ठेवा. लॉट बदलला की चाचणी पुन्हा करायची.