खुंट

रविवार, रात्रीचे पावणेदहा

संध्याकाळी फिरून येताना वळणावरच्या त्या खुंटापाशी थांबले. झाड कापलं त्याला चार वर्षं झाली. ना फांदी, ना पान. मी तो मेलाच असं धरून चालले होते. आज वाकून पाहिलं, तर कापाच्या कडेने साल गोल वळून आत सरकलीय, जखम भरत आल्यावर कातडी धरते तशी. बोट लावलं. ओलसर होती.

न्यूझीलंडमधल्या अशाच एका कौरी वृक्षाच्या खुंटाबद्दल वाचलं होतं. २०१९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पानंच नाहीत म्हटल्यावर खुंट अन्न कुठून करणार? पण त्याची मुळं जमिनीखाली शेजारच्या कौरींच्या मुळांशी एकजीव झालेली असावीत, असं अभ्यासकांना दिसलं. दिवसा ती झाडं आपल्या पानांसाठी पाणी ओढत असतात, तेव्हा खुंटातला प्रवाह थंडावलेला. रात्री त्यांची ओढ थांबली, की खुंटात पाणी फिरू लागतं.

रात्री! हे वाचलं तेव्हाही मला साडेनऊचा फोन आठवला होता.

बाबा गेल्यापासून आई बोलायचीच थांबलीय. मावशींना दिवसभर उसंत नसते, काकांचं सगळं अंथरुणातच करावं लागतं. ते झोपले की त्या आईला फोन लावतात. बोलतात त्याच. आई चादरीवरच्या फुलांवरून बोट फिरवत ऐकते. काल वीस मिनिटांत तीनदा 'हं' म्हणाली, बस.

एकदा न राहवून मी मावशींना म्हटलं, "तुम्ही एवढ्या दमता, तरी आमच्यासाठी..."

"तुमच्यासाठी कुठे गं? मला सवय आहे तिची."

मला वाटलं, मन मोठं म्हणून असं बोलतात. पण ते अक्षरशः खरं असणार. बत्तीस वर्षं दोघींची टेबलं शेजारी होती. मुलांची आजारपणं, सासरची दुखणी, पगाराआधीची उसनवारी, सगळं त्या दोन टेबलांमध्ये झालं. दोघी हिरव्यागार होत्या तेव्हाच मुळं जुळून गेली, आणि कुऱ्हाड कुणावर आधी पडणार हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मावशी दया करत नाहीयेत. पाणी जुन्या वाटेने जातंय, इतकंच.

आत्ता फोन चालूच आहे. लिहिता लिहिता कान तिकडेच. मघाशी आईचा आवाज आला, जरा घोगरा, पण पुरं वाक्य:

"मग त्यांची कूस कोण बदलतं गं रात्री, तू एकटीच?"